खो-खोचा नियम आणि डिझायनरांची टीम

डेक्कन जिमखान्याने १९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम लेखी स्वरूपात बांधले आणि गावोगावच्या पटांगणांत आपापल्या रीतीने खेळला जाणारा हा खेळ शिस्तीत आला. आज आपण जो खो-खो ओळखतो त्याची रचना टीम बांधण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने नीट पाहावी अशी आहे. आठ खेळाडू मधल्या पाटीवर ओळीने बसतात, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून; नववा पाठलाग करतो. पळणारा गडी बसलेल्यांच्या मधून या अंगाकडून त्या अंगाला हवा तसा निसटतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत उलटंही फिरता येत नाही. त्यामुळे संघातल्या सर्वांत चपळ खेळाडूचंही एकट्याने फार काही चालत नाही. गडी पलीकडे गेला, की ज्याची पाठ आपल्याकडे आणि तोंड पलीकडे आहे अशा भिडूला खो द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं, एवढाच मार्ग उरतो. बसलेल्यालाही खो मिळेपर्यंत उठता येत नाही, म्हणून तो सगळा वेळ खेळावर नजर ठेवून सावध असतो. इथे सहकार्याचा उपदेश कोणी करत नाही, ते नियमातच घातलेलं आहे. डिझाइनच्या टीमसाठी खेळ निवडताना हाच निकष लावावा, असं माझं म्हणणं आहे. मजा किती आली हा प्रश्न दुय्यम आहे. खेळाच्या नियमामुळे माणसं एकमेकांवाचून अडली का, आणि ते अडणं त्यांच्या रोजच्या कामातल्या अडण्यासारखं होतं का, हे आधी पाहायला हवं.

टीम बिल्डिंग म्हटलं की मुळशी, पानशेत किंवा लोणावळ्याकडचं एखादं रिसॉर्ट, तिथली रस्सीखेच, अंताक्षरी आणि जेवण हेच पुण्यातल्या बहुतेक नोकरदारांच्या डोळ्यांसमोर येतं. सहलीत वाईट काहीच नाही. कामाचा ताण बाजूला ठेवून एकत्र जेवणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या एका दिवसामुळे काम सुधारेल अशी अपेक्षा धरली, तर पुरावा साथ देत नाही. एदुआर्दो सालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तोवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा टीम बिल्डिंगचा प्रत्यक्ष कामगिरीवर एकूणात लक्षणीय परिणाम आढळला नाही. कोणाची भूमिका नेमकी काय हे स्पष्ट करणाऱ्या उपक्रमांचा मात्र उपयोग दिसला. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, कॅमरन क्लाइन, सालास आणि इतरांनी अधिक अभ्यास हाताशी घेऊन पुन्हा हिशेब मांडला. या वेळी चित्र बरंच आशादायक होतं: मध्यम स्वरूपाचा चांगला परिणाम दिसला, आणि त्यातही ध्येय ठरवणं व भूमिका स्पष्ट करणं या दोन घटकांचा वाटा सर्वांत मोठा होता. हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट ठळक होते. माणसं एकमेकांना आवडू लागली एवढ्याने काम सुधारतंच असं नाही. समोरच्याला काय माहीत आहे, त्याच्यावर कशाची जबाबदारी आहे आणि आपलं काम त्याच्यापाशी कुठे अडतं, हे कळलं की सुधारणेची शक्यता वाढते.

डिझाइनच्या टीमला हे विशेष लागू पडतं, कारण तिथे एकाच वस्तूकडे पाहणारी माणसं खरं तर वेगवेगळ्या वस्तू पाहत असतात. पुण्यासारख्या शहरात तर हे फारच तीव्रतेने जाणवतं. टाटा मोटर्सचं संशोधन केंद्र इथे १९६६ पासून आहे. एलिफंट डिझाइन ही संस्था १९८९ मध्ये इथेच सुरू झाली. सिंबायोसिसची डिझाइन संस्था २००४ मध्ये आणि एमआयटीची २००६ मध्ये आली. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या वाहनउद्योगात, हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि शहरातल्या छोट्या स्टुडिओंमध्ये डिझाइन शिकलेली मुलं-मुली, यंत्र अभियंते, प्रोग्रॅमर, मार्केटिंगवाले आणि उत्पादनविभागाची माणसं एकाच टेबलाशी बसतात. मोटारीचं पुढचं तोंड घ्या. रूप देणाऱ्याला बॉनेट खाली उतरलेलं हवं असतं. इंजिनवाल्याला त्याच्याखाली जागा हवी असते. सुरक्षितता पाहणाऱ्याला धडकेत चेपायला मोकळं अंतर लागतं आणि प्रेस शॉपचा माणूस विचारतो की ही वळणं पत्र्यातून निघणार कशी. चौघांचंही बरोबर असतं. भांडण होतं ते कोणी आडमुठं असल्यामुळे नव्हे. प्रत्येकाची मोजपट्टी निराळी आणि ती दुसऱ्याला न दिसणारी असते म्हणून.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे लुई बुचिआरेली यांनी अभियंत्यांच्या टीमा प्रत्यक्ष काम करताना पाहिल्या आणि १९९४ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं: डिझाइन ही माणसामाणसांत चालणारी वाटाघाट आहे. त्यांनी त्यावर एक खेळही रचला, डेल्टा डिझाइन नावाचा, आणि सहकारी खेळ कसा असावा याचा त्याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. चार जण खेळतात: वास्तुरचनाकार, बांधकामाची मजबुती पाहणारा अभियंता, उष्णतेचा अभियंता आणि प्रकल्प व्यवस्थापक. त्यांनी मिळून लाल व निळ्या समभुज त्रिकोणांचं एक घर कागदावर रचायचं. हे घर लांबी-रुंदी एवढंच असलेल्या एका काल्पनिक सपाट जगात असतं, आणि तिथले भौतिकीचे नियम आपल्या जगासारखे नसतात. लाल त्रिकोण उष्णता देतात, निळे देत नाहीत. प्रत्येकाला आपल्या विषयाची स्वतंत्र पुस्तिका मिळते आणि ती बाकीच्यांनी वाचलेली नसते. म्हणून वास्तुरचनाकाराने आतली जागा छान केली, की उष्णतेवाला सांगतो की घराचा हा कोपरा तापला. लाल त्रिकोण हलवले की मजबुतीवाल्याचा आधार ढळतो. सगळं जुळलं की व्यवस्थापकाचा खर्च वर जातो. जग काल्पनिक असण्यात मोठी खुबी आहे. बाहेरचा अनुभव इथे कामाला येत नाही, त्यामुळे वीस वर्षं नोकरी केलेला आणि काल रुजू झालेली मुलगी एकाच पायरीवर उभे राहतात. आपलं ज्ञान दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगण्यावाचून कोणापुढे पर्याय राहत नाही. खो-खोतली मधली पाटी जे काम करते तेच इथे न वाचलेली पुस्तिका करते.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की खेळात आलेलं शहाणपण खेळातच राहतं. त्रिकोणांचं घर जमलं म्हणून खऱ्या प्रकल्पात एकोपा येईल हे कशावरून? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मार्क कीथ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८० नव्या टीमांतल्या ३५२ जणांकडून एक शोधमोहिमेचं काम दोनदा करून घेतलं. मधल्या वेळात काही टीमांनी ४५ मिनिटं एकत्र व्हिडिओ गेम खेळला. त्यांची उत्पादकता तुलनेसाठी ठेवलेल्या टीमांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक वाढली. आकडा उत्साह देणारा आहे, पण त्या टीमा नव्या होत्या, काम डिझाइनचं नव्हतं आणि परिणाम किती दिवस टिकतो हे असा प्रयोग सांगू शकत नाही. म्हणून केवळ त्याच्या भरवशावर मी खेळांची शिफारस करणार नाही. अधिक भक्कम आधार खेळानंतरच्या चर्चेला आहे. स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अशा उजळणीच्या बैठकांवरचे ४६ नमुने एकत्र तपासले. काय झालं, का झालं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं हे नीट बोलणाऱ्या गटांची परिणामकारकता सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी अधिक निघाली. याचा अर्थ असा, की खेळाने फक्त बोलण्याजोगा अनुभव निर्माण करायचा असतो. तो खऱ्या कामापर्यंत पोहोचवण्याचं काम नंतरचा अर्धा तास करतो. आणि आपल्याकडे नेमका तोच अर्धा तास चहा-भज्यांत जातो.

याचं एक बोलकं उदाहरण डिझाइनच्या विद्यार्थ्यांचंच आहे. पीटर स्किलमन यांनी रचलेला आणि टॉम वुजेक यांनी २०१० मध्ये जगभर पोहोचवलेला मार्शमॅलोचा खेळ अनेकांनी पाहिला असेल: स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि १८ मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा, ज्याच्या टोकावर मार्शमॅलो टिकला पाहिजे. व्यवस्थापनाचे पदवीधर योजना आखण्यात वेळ घालवतात, शेवटच्या क्षणी मार्शमॅलो वर ठेवतात आणि मनोरा कोसळतो. बालवाडीतली मुलं पहिल्यापासून मार्शमॅलो लावून पाहत, पाडत, पुन्हा उभारत जातात आणि त्यांच्यापेक्षा सरस ठरतात. वुजेक यांनी सांगितलेला पुढचा भाग कमी लक्षात घेतला जातो. डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या दहा टीमांपुढे त्यांनी १०,००० डॉलर किमतीच्या सॉफ्टवेअरचं बक्षीस ठेवलं, तर एकाही टीमचा मनोरा उभा राहिला नाही. चार महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांनी तोच खेळ खेळला. मधल्या काळात लवकर नमुना करून पाहण्याचं मोल त्यांना समजलं होतं, आणि या वेळी त्यांची कामगिरी उत्तम झाली. हा काटेकोर शास्त्रीय प्रयोग नव्हे, एका अनुभवी माणसाचं निरीक्षण आहे. पण स्पर्धा आणि बक्षीस असलं की टीम आपोआप जिवाचं रान करते, या समजुतीला ते धक्का नक्कीच देतं.

स्पर्धेच्या बाजूने बोलणारे इथे खो-खोचाच दाखला माझ्यावर उलटवू शकतील. खो-खो ही दोन संघांची झुंज आहे, चुरशीमुळेच त्यात जीव ओतला जातो. मग डिझायनरांनाच स्पर्धेपासून जपायचं कशाला? स्पर्धेला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच की रेषा कुठे आखली जाते. खो-खोत ती दोन संघांच्या मध्ये असते, नवांच्या आत नसते. कचेरीतल्या खेळांत बहुधा उलट होतं: जी माणसं उद्या एकाच आराखड्यावर काम करणार आहेत त्यांनाच लाल आणि निळ्या गटांत वाटून झुंजवतात, आणि मार्केटिंग विरुद्ध डिझाइन असा सामना लावून वर सगळे हसतात. जी फूट मिटवायची तिलाच अशाने गणवेश मिळतो. झुंज लावायचीच असेल तर सगळ्या टीमची घड्याळाशी, खर्चाच्या मर्यादेशी किंवा गुरुत्वाकर्षणाशी लावावी.

सहकारी खेळांचे स्वतःचे दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पँडेमिक या २००८ सालच्या लोकप्रिय खेळात सगळे खेळाडू मिळून साथीच्या रोगांशी लढतात. पण माहिती सगळ्यांसमोर उघडी असल्यामुळे एखादा अनुभवी खेळाडू सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या हलवतात. ज्या स्टुडिओत आधीच एकाचाच शब्द चालतो तिथे असा खेळ रोग वाढवेल. आंत्वान बोझा यांच्या हनाबी या खेळाने याला सुंदर उत्तर दिलं आहे. त्यात स्वतःचे पत्ते स्वतःला दिसत नाहीत, बाकीच्या सगळ्यांना दिसतात, आणि इशारे मोजकेच देता येतात. कितीही हुशार असलात तरी आपल्या हातात काय आहे ते दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. जॉन हॅब्राकेन आणि मार्क ग्रॉस यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत रचलेल्या खेळांपैकी एकात तर बोलायचंच नसतं. एकाने ठोकळ्यांची मांडणी सुरू करायची आणि दुसऱ्याने त्यातला न सांगितलेला नियम ओळखून ती पुढे न्यायची. बैठकीत ज्यांचा आवाज चढतो त्यांना इथे हातांनी ऐकावं लागतं, आणि जे गप्प असतात त्यांची समज पहिल्यांदा टेबलावर दिसते.

आवाजाच्या या वाटणीला संशोधनाचा आधार आहे. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६९९ जणांच्या लहान गटांवर केलेल्या अभ्यासात गटाच्या यशाचा संबंध त्यातल्या सर्वांत बुद्धिमान व्यक्तीशी फारसा आढळला नाही. तो आढळला समोरच्याच्या मनातलं ओळखण्याच्या क्षमतेशी आणि बोलण्याची पाळी सर्वांत समान वाटली जाण्याशी. या मोजमापावर पुढे वाद झाले, तरी त्याच दिशेचा दुसरा पुरावा जुना आणि पक्का आहे. येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या प्रयोगापासून पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे की एकत्र बसून कल्पना ओरडणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसून अधिक कल्पना सुचवतात. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीच्यांचा विचार अडतो. तेव्हा डिझाइनच्या खेळात गलका म्हणजे सहभाग असं समजू नये. काही मिनिटं प्रत्येकाने एकट्याने कागदावर रेखाटावं आणि मग पाळीपाळीने मांडावं, हा साधा नियम बुजऱ्या माणसाला जितकं बळ देतो तितकं कोणतंही प्रोत्साहनपर भाषण देत नाही.

आणखी एक आक्षेप प्रतिष्ठेचा आहे, आणि माझी त्याच्याशी सहानुभूती आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाला सर्वांसमोर नाचायला लावणं, डोळे बांधून सहकाऱ्याच्या अंगावर पडायला सांगणं, यात टीम बांधली जात नाही. माणूस संकोचतो आणि पुढच्या वेळी रजा टाकतो. स्त्री सहकाऱ्यांना तर असे प्रकार फार अवघड जातात. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका कंपनीतल्या ५१ टीमांचा अभ्यास करून दाखवलं की चूक कबूल करायला, शंका विचारायला जिथे भीती वाटत नाही तिथे टीम शिकते. जबरदस्तीची मौज ही भीती वाढवते. म्हणून खेळ कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, टेबलावर खेळण्याजोगा असावा, आणि ज्याला खेळायचं नाही त्याला नोंदी ठेवण्याची किंवा वेळ पाहण्याची मानाची जागा असावी. आपल्याकडे 'सर' समोर असले की पाळी सरांचीच असते, हेही विसरून चालणार नाही. त्यांना बाहेर पाठवणं हा उपाय नव्हे. त्यांच्या हाती त्यांचा विषय नसलेली पुस्तिका द्यावी, म्हणजे प्रश्न विचारण्याची वेळ त्यांच्यावर येईल.

टीम म्हणजे पगारपत्रकावरची माणसं एवढाच अर्थ घेतला तर या खेळांची अर्धी ताकद वाया जाते. स्वीडन-डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९८५ या काळात चाललेल्या युटोपिया प्रकल्पात पेले एन आणि त्यांच्या साथीदारांनी छापखान्यातल्या कामगारांबरोबर संगणकाची साधनं आखली, आणि ती साधनं अस्तित्वात नसताना पुठ्ठ्याची खोकी मांडून कामगारांनी त्यांवर काम केल्याचा खेळ केला. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये २००९ च्या सुमारास झालेलं घरबांधणीचं काम याच जातीचं म्हणता येईल. स्पार्क आणि महिला मिलन या संघटना, पुण्याचे वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई आणि त्यांच्यासोबत फिलिपे बालेस्त्रा व सारा योरान्सन यांनी रहिवाशांना आहे त्याच जागी, शेजार न मोडता, २७० चौरस फुटांची घरं आखून दिली. रहिवाशांनी खर्चाचा १० टक्के वाटा उचलला आणि काही शेजाऱ्यांनी आपल्या लहान जागा एकत्र करून मिळून इमारत बांधणं पसंत केलं. याला कोणी खेळ म्हटलं नाही. पण घराचे पूर्ण आकाराचे नमुने उभारून लोकांना त्यांतून फिरवण्याची या संघटनांची १९८० च्या दशकापासूनची रीत पाहा: ज्या बाईला नकाशा वाचता येत नाही ती अशा नमुन्यात उभी राहून ओटा कुठे हवा, जिना कुठून चढावा हे हाताने दाखवू शकते. त्या क्षणी ती डिझाइनच्या टीममध्ये आलेली असते.

शेवटचा आक्षेप वेळेचा: क्लायंट दारात उभा, डेडलाइन डोक्यावर, आणि खेळायचं कधी? रिसॉर्टच्या सहलीचा एक दिवस ज्यांना परवडतो त्यांना कामाच्या सुरुवातीची एक दुपार परवडते. शिवाय महागडे संच लागत नाहीत. पुण्याच्या कोणत्याही स्टुडिओला पीएमपीच्या एका बसथांब्यावर असा खेळ रचता येईल. चार पुस्तिका लिहा: जाहिरातीतून थांब्याचा खर्च काढू पाहणारा अधिकारी, पदपथाची रुंदी राखायची असलेला पथ विभागाचा अभियंता, चाकाची खुर्ची वापरणारी प्रवासी आणि थांब्यालगत बसणारा पथारीवाला. प्रत्येकाला दोन-तीन आकडे आणि एक अट द्या, जी बाकीच्यांना ठाऊक नसेल. मध्ये पुठ्ठा, कात्री आणि तासाभराचा वेळ ठेवा. स्टुडिओ आणि डिझाइन महाविद्यालयं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पुढचा मोठा प्रकल्प हाती येईल तेव्हा ब्रीफ वाचण्याआधी असा एक खेळ घ्या, अभियंत्यांना आणि क्लायंटच्या माणसालाही त्यात बसवा, आणि संपल्यावर निघून जाऊ नका. कोणाला कोणती गोष्ट आधी कळायला हवी होती हे प्रत्येकाकडून लिहून घ्या, आणि तो कागद प्रकल्प संपेपर्यंत भिंतीवर लावून ठेवा.